गोधडीखालची तार

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी : बोलताना मी हातात धरलेल्या वस्तूंचं वर्णन इथे शब्दांत घातलंय. बाकी मजकूर जसा बोललो तसाच आहे, फक्त "म्हणजे ना" थोडे कमी केलेत.)

आजची गोष्ट एका व्हिडिओ कॉलपासून सुरू होते. माझी मावसबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, न्यू जर्सीत राहते. गेल्या वर्षी तिने आणि भावोजींनी तिथे एक जुनं घर घेतलं. 1924 सालचं, लाकडी, दोन मजली, वर उतरत्या छपराचा माळा. एका रविवारी रात्री तिचा फोन आला. तोंडाला मास्क, डोक्यावर बॅटरी, आणि मागे अंधार. म्हणाली, "अरे, तुला जुन्या गोष्टींचं वेड आहे ना? मग हे काय आहे ते सांग."

तिने कॅमेरा खाली वळवला. माळ्यावर गुलाबी फायबरग्लासच्या गाद्या अंथरलेल्या होत्या. तिने एक गादी उचलली. तिच्याखाली राखाडी, कागदाच्या लगद्यासारखा भुसभुशीत थर. तोही तिने हाताने बाजूला सारला, तेव्हा त्याखाली दिसली काळी, कापड गुंडाळलेली एक तार. ती तुळईवर ठोकलेल्या चिनी मातीच्या पांढऱ्या बोंडांवरून गेली होती. शेजारी वीतभर अंतरावर तशीच दुसरी तार. आणि जिथे आडवी तुळई येते तिथे तुळईला भोक पाडून त्यात चिनी मातीचीच एक नळी बसवलेली, तार तिच्यातून आरपार.

मी म्हणालो, "ताई, फार सुंदर आहे हे!"

ती म्हणाली, "सुंदर? याच्या बरोबर खाली तुझी भाची झोपते. आणि विमा कंपनीचं पत्र आलंय, हे काढा नाहीतर पॉलिसी बंद."

तर आज त्या तारेविषयी, आणि तिच्यावर पांघरलेल्या त्या गोधडीविषयी. कारण तार घालणारा माणूस मूर्ख नव्हता आणि गोधडी घालणाराही नव्हता. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. तरीही दोघांची कामं एकमेकांवर आल्यावर धोका तयार झाला. हे कसं झालं ते बघायला जवळपास दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

ताईच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर एडिसन नावाचं गाव आहे. तुमच्यापैकी कुणाचे ना कुणाचे नातेवाईक तिथे असतीलच, ओक ट्री रोडवर वडापावसुद्धा मिळतो. गावाचं जुनं नाव रॅरिटन टाउनशिप. 1954 मध्ये ते बदलून एडिसन केलं, कारण याच हद्दीत मेन्लो पार्क आहे, जिथे थॉमस एडिसनने 1876 मध्ये आपली प्रयोगशाळा थाटली आणि 1879 मध्ये बराच वेळ टिकणारा दिवा पेटवून दाखवला.

शाळेत आपण दिव्यापाशीच थांबतो. पण दिवा हा प्रश्नाचा सोपा भाग होता. दिव्यापर्यंत वीज न्यायची कशी, आणि नेताना घर जाळायचं नाही ते कसं? 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं, सुरुवातीला सुमारे 400 दिव्यांसाठी. त्याच वर्षी बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन अव्हेन्यूवरच्या घरात स्वतःचं जनित्र लावून वीज आली. इंजिन चालवणारा माणूस रात्री अकराला घरी जायचा, आणि पाहुणे बसलेले असले तरी दिवे विझायचे! ते एक वेळ ठीक. पण एकदा वाचनालयातल्या मेजापर्यंत नेलेल्या तारेने पेट घेतला आणि मेज, गालिचा सगळं करपलं. मॉर्गन यांनी पुन्हा तारा बसवून घेतल्या, त्यांचे पैसे या धंद्यात गुंतले होते. विल्यम व्हँडरबिल्ट यांच्या घरी मात्र भिंतीच्या कागदात धातूचे धागे होते, तारांचा त्यांच्याशी संपर्क आला आणि भिंत धुमसू लागली. तळघरात वाफेचं इंजिन आहे हेही तेव्हाच बाईसाहेबांना कळलं, आणि त्यांनी सगळा पसारा घराबाहेर काढायला लावला.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांची ही अवस्था. आणि याच वर्षी, 1882 मध्ये, आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्येही विजेचे दिवे लागले होते. ती कंपनी लवकरच बुडाली, तो वेगळा भाग होईल कधीतरी.

या आगींचे पैसे भरत होत्या विमा कंपन्या. त्यामुळे वायरिंगचे पहिले कडक नियम विमेवाल्यांनी लिहायला लावले, सरकारने नव्हे. 1893 मध्ये शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हजारो दिव्यांचा धोका तपासायला विल्यम मेरिल नावाचा तरुण इंजिनिअर पाठवला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याने विजेच्या वस्तू तपासणारी प्रयोगशाळा काढली. आज तुमच्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत गोलात जो 'यूएल'चा शिक्का असतो ना, तो तिथून आला. 1897 मध्ये सगळ्या देशासाठी एक वीज-नियमावली तयार झाली. ती आजही दर तीन वर्षांनी नव्याने निघते.

आणि या नियमांच्या छायेत वाढली ती ताईच्या माळ्यावरची पद्धत. तिचं नाव 'नॉब अँड ट्यूब', म्हणजे बोंड आणि नळी. साधारण 1880 ते 1940 च्या दरम्यान अमेरिकेतल्या घरांत हीच पद्धत सगळ्यात जास्त चालली.

आता इथे जरा थांबू, कारण मला ही कारागिरी खरंच आवडते. आजची वायर कशी असते? फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिघे एका प्लास्टिकच्या वेष्टनात चिकटून बसलेले. त्या काळी प्लास्टिक नव्हतं. तांब्यावर रबराचा लेप आणि त्यावर डांबरी मेणात भिजवलेलं सुती कापड. या वेष्टनावर कुणाचा पूर्ण भरवसा नव्हता, आणि तोच त्यांचा शहाणपणा. म्हणून त्यांनी भरवसा ठेवला हवेवर. दोन तारा एकमेकींपासून निदान तीन इंच लांब, लाकडापासून निदान एक इंच उंच. साधारण दर साडेचार फुटांवर एक बोंड. बोंडाचे दोन भाग, मध्ये तार दाबायची आणि खिळा ठोकायचा. खिळ्याच्या डोक्याखाली कातड्याची चकती, म्हणजे हातोडीचा घाव बसला तरी चिनी माती तडकत नाही. नळीला एका टोकाला टोपी, आणि नळी बसवायची ती टोपीचं टोक वरच्या बाजूला ठेवून तिरकी, म्हणजे ती घसरून पडत नाही.

सांधा तर बघण्यासारखा. एक तार दुसरीभोवती घट्ट पिळायची, मग डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं, मग रबरी पट्टी, मग कापडी पट्टी. सांध्यावर ताण येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जवळच बोंडं. नीट केलेला असा सांधा शंभर वर्षं टिकतो. भिंतीत खिळा ठोकताना चुकून तारेला लागला, तरी एकीलाच लागणार, शॉर्टसर्किट होत नाही. उंदराने कापड कुरतडलं तरी तांबं हवेत लटकलेलंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तार तापली तर हवा तिला गार करते.

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

अर्थात त्या काळी तार तापण्याचं कारणही फारसं नव्हतं. 1925 च्या आसपास अमेरिकेत जेमतेम निम्म्या घरांत वीज होती, आणि जिथे होती तिथे ती मुख्यतः दिव्यांसाठी. दहा दिवे प्रत्येकी 60 वॉटचे धरले तर 600 वॉट. 110 व्होल्टवर साडेपाच अँपिअर. तार होती 15 अँपिअरची. म्हणजे बैलाला जेवढं झेपतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच ओझं. खेड्यांत तर तेवढंही नव्हतं. 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना आली तेव्हा दहातल्या नऊ शेतघरांत कंदीलच होते.

मग ही पद्धत गेली का? धोकादायक ठरली म्हणून नाही. मजुरी वाढली म्हणून. दोन तारा वेगवेगळ्या ओढायच्या, शेकडो बोंडं ठोकायची, प्रत्येक सांध्याला डाग द्यायचा, याला वेळ लागतो. एकत्र गुंडाळलेली केबल आली, ती एका माणसाने एका दिवसात ओढली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नव्या घरांतून बोंडं जवळपास नाहीशी झाली. जुन्या घरांत मात्र ती भिंतीआड तशीच राहिली. चालू होती, कुणाला दिसत नव्हती, मग काढणार कोण?

आता गोधडीकडे येऊ.

ताईचं घर बांधलं तेव्हा त्यात उष्णतारोधक असं काहीच नव्हतं. भिंतीत लाकडी खांब, आतून गिलावा, बाहेरून फळ्या, मध्ये मोकळी पोकळी. कोळसा स्वस्त होता, तळघरातली भट्टी धडधडत ठेवायची, थंडी बाहेरच्या बाहेर. नंतर कोळशाच्या जागी तेल आलं, तेही स्वस्त.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपामागे सुमारे 3 डॉलर असलेला भाव काही महिन्यांत 12 डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, घरं गार पडली. 1976 मध्ये गरीब कुटुंबांच्या घरांना थंडीसाठी सज्ज करून देण्याचा सरकारी कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. फेब्रुवारी 1977 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले. एप्रिलमध्ये त्यांनी उद्दिष्ट जाहीर केलं की देशातल्या 90 टक्के घरांना इन्सुलेशन करायचं. 1978 च्या कायद्याने त्यावर करसवलत दिली, पहिल्या 2,000 डॉलरच्या खर्चावर 15 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 300 डॉलर परत.

झालं! गल्लोगल्ली इन्सुलेशनवाले उभे राहिले. सगळ्यात स्वस्त माल म्हणजे सेल्युलोज, म्हणजे दळलेली रद्दी वर्तमानपत्रं, त्यात आग लागू नये म्हणून बोरॉनचे क्षार मिसळलेले. ट्रकमध्ये यंत्र, यंत्राला जाड पाइप, पाइप माळ्याच्या खिडकीतून आत, आणि फुर्रकन राखाडी बर्फ पडल्यासारखा थर. अर्ध्या दिवसात घर उबदार. ताईच्या माळ्यावरचा तो भुसभुशीत लगदा म्हणजे हाच. काही ठिकाणी क्षार नीट मिसळलेले नसायचे, म्हणजे माळ्यावर चक्क सुकी रद्दी. 1978 मध्येच अमेरिकन संसदेला सेल्युलोजच्या ज्वलनशीलतेसाठी घाईघाईने वेगळा कायदा करावा लागला.

(एक सूचना मध्येच. जुन्या अमेरिकन माळ्यावर चकाकणारे, अभ्रकासारखे बारीक खडे दिसले तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट. त्यातलं पुष्कळसं माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून आलेलं आहे आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण 1990 मध्ये बंद झाली, लिबीतले लोक अजून भोगतायत. ताईच्या माळ्यावर सुदैवाने ते नव्हतं.)

पाइप धरणाऱ्या माणसाला समोर काय दिसत होतं? धूळ. तुळयांमधली पोकळी भरायची एवढंच त्याला सांगितलेलं. बोंडांवरची तार पोकळीतच होती.

इंग्रजीत तारेवरच्या रबरालाही इन्सुलेशन म्हणतात आणि माळ्यावरच्या लगद्यालाही इन्सुलेशनच. आपल्याकडे विद्युतरोधक आणि उष्णतारोधक असे दोन शब्द आहेत, बोजड आहेत, मान्य. पण या गोष्टीत तेच कामाचे आहेत. विद्युतरोधक जितका जास्त तितकी तार सुरक्षित. उष्णतारोधक जितका जास्त तितकी तार संकटात.

फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवून झोपलाय कधी? खरं सांगा. सकाळी हात लावल्यावर कसा लागतो? चार्जर तोच, फोन तोच, तयार होणारी उष्णताही तीच. फक्त तिला बाहेर पडायला वाट नाही.

आता थोडं गणित, घाबरू नका. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. ताईच्या माळ्यावरच्या जाडीच्या तांब्याच्या तारेत 5 अँपिअर गेले तर एका मीटरमागे साधारण 0.2 वॉट, म्हणजे काहीच नाही. 15 अँपिअर गेले तर जवळपास 2 वॉट. 30 गेले तर साडेसात वॉट. मोकळ्या हवेत ही उष्णता निघून जाते. फूटभर रद्दीखाली ती साठते. त्यात उन्हाळ्यात असा माळा नुसत्या उन्हाने 50 अंशांपर्यंत सहज जातो, आणि त्या जुन्या रबराची सहनशक्ती मुळात 50-60 अंशांचीच. तापून तापून रबर कडक होतं, तडकतं, बोट लावलं की भुगा. मग उरतं उघडं तांबं, आणि त्याला चिकटलेला कागद.

पण 30 अँपिअर जातीलच कसे, फ्यूज नाही का? आहे ना! आणि इथे एडिसनचाच एक वारसा नडतो. जुने अमेरिकन फ्यूज दिव्यासारखे फिरवून बसवायचे असत, आणि 15, 20, 30, सगळ्यांचे आटे एकच. घरात टोस्टर आला, हीटर आला, केस वाळवायचं यंत्र आलं. एक हीटर 1,500 वॉट, 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर. दोन लावले की पंचवीस. 15 चा फ्यूज सारखा उडतोय? मग 30 चा लावा, कटकट मिटली. तोही नसेल तर फ्यूजच्या मागे तांब्याचं एक सेंटचं नाणं. हसू नका, आपल्याकडे कटआउटमध्ये जाड तारेचे तीन पीळ घालणारे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये होऊन गेलेत.

म्हणजे बघा, नुसती तार : ठीक. तार आणि गोधडी, पण प्रवाह कमी : बहुतेक वेळा ठीक. तार, गोधडी आणि चुकीचा फ्यूज, वर कुणीतरी नवशिक्याने डाग न देता नुसती पट्टी गुंडाळून काढलेला एखादा फाटा : आता देवाचं नाव घ्या. त्यात त्या काळच्या अनेक घरांत भिंतीची पोकळी तळघरापासून माळ्यापर्यंत सलग असते, मध्ये अडवायला काही नाही. तारा ओढायला सोयीचं होतं ते. आगीलाही तितकंच सोयीचं.

राष्ट्रीय नियमावलीत 1987 च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं गेलं की तारांना वेढून टाकेल असं सुटं, गुंडाळीचं किंवा फेसाचं उष्णतारोधक जिथे आहे, तिथे नॉब अँड ट्यूब नको. म्हणजे करसवलतीनंतर नऊ वर्षांनी! तोवर किती माळे भरून झाले असतील.

पण यावर वादही झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. उबदार करण्याचा कार्यक्रम गरिबांसाठी होता, आणि गरीब लोक जुन्या घरांत राहतात. जुनी तार आहे म्हणून इन्सुलेशन नाही, आणि नवी तार घालायला पैसे नाहीत. म्हणजे ज्यांना थंडी सगळ्यात जास्त बोचते तेच रांगेतून बाहेर. म्हणून कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी अटींवर परवानगी दिली. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने तारा तपासून लेखी द्यायचं, फ्यूज किंवा ब्रेकर योग्य क्षमतेचा हवा, आणि माल न जळणारा हवा. मला ही वाट पटते, पण ती तपासणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावर उभी आहे, हेही खरं.

ताईचं काय झालं? पहिल्या इलेक्ट्रिशियनने सगळं घर फोडून नवं करायचं म्हटलं, आकडा पंधरा हजार डॉलरच्या पुढे. भावोजींनी हिशेब केला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुसरा इलेक्ट्रिशियन साठीचा होता. त्याने आधी मुख्य पेटीपाशी एकेक ब्रेकर बंद करून कुठली तार जिवंत आणि कुठली मेलेली ते माळ्यावर जाऊन तपासलं. निम्म्याहून जास्त तारा मेलेल्याच निघाल्या, कधीतरी कुणीतरी तोडून तशाच सोडलेल्या. तीन सर्किटं जिवंत होती, त्यातलं एक भाचीच्या खोलीचं. त्या खोलीच्या दिव्याच्या वरचं रबर त्याने नुसत्या नखाने उडवून दाखवलं. दिव्याच्या उष्णतेने तिथली तार सगळ्यात आधी खराब होते, म्हणाला. बाजूची, बोंडांवर राहिलेली तार मात्र अजून लवचीक होती.

मग असं ठरलं. भाची आईबाबांच्या खोलीत झोपायला गेली. माळ्यावरचा लगदा भाड्याच्या मोठ्या व्हॅक्यूमने काढला. माळ्यावरची तिन्ही सर्किटं तोडून नवी अर्थिंगवाली केबल, नवे ब्रेकर. नगरपालिकेचा तपासनीस येऊन बघून गेला आणि त्यानंतरच नवं इन्सुलेशन पडलं. हा क्रम उलटा करायचा नाही, तपासणी आधी, गोधडी नंतर. खालच्या मजल्यावर भिंतीतली दोन सर्किटं अजून बोंडांवरच आहेत, 15 अँपिअरच्या ब्रेकरवर, भोवती हवा मोकळी. ती पुढच्या वर्षी, पैसे साठले की. विमा कंपनीशी बोलून तेवढी मुदत ताईने लेखी घेतलीय.

तिथून एका श्रोत्याने आधीच विचारलेल्या प्रश्नाकडे येतो : "दादा, आमच्या गिरगावच्या चाळीत लाकडी पट्टीतून वायर जाते, तेही असंच का?" नाही, ते वेगळं. ते केसिंग-कॅपिंग, लाकडी खोबणीत दोन तारा आणि वर झाकणपट्टी. आपल्याकडे माळ्यावर कुणी रद्दी पसरत नाही, त्यामुळे गोधडीचा प्रश्न नाही. पण पोटमाळ्यावर त्याच पट्टीला टेकून जुन्या गाद्या, खोकी, गणपतीच्या मखराचा थर्माकोल रचलेला असतो. आणि त्याच वायरवर आता एसी आलेला असतो. वर चढून एकदा बघा. हात लावायच्या आधी मेन बंद करा, आणि वायर कडक होऊन तडकलेली दिसली तर परवानावाला वायरमन बोलवा, कोपऱ्यावरचा "सगळं करतो"वाला नको.

ताई डिसेंबरमध्ये आली तेव्हा माझ्यासाठी एक बोंड घेऊन आली. आत्ता माइकशेजारी तेच आहे. (इथे ऐकणाऱ्यांना टक् असा आवाज येईल, मी ते टेबलावर आपटलं.) खिळा गंजलाय. कातड्याची चकती अजून मऊ आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. माळ्यावर चढलात तर फोटो पाठवा.